देवाला ‘तू’, बाबांना ‘अहो’

माझे बाबा वॉशिंग मशीनचे मिस्त्री. नावाने त्यांना फारसं कुणी हाक मारत नसे. गिऱ्हाईकं ‘मशीनवाले’ म्हणायची आणि चर्चमध्ये त्यांचं नाव ‘मागचा बाक’ पडलं होतं. वीस वर्षं ते दारालगतच्या शेवटच्या बाकावर बसत आले होते आणि शेवटचं आमेन हवेत विरायच्या आत बाहेर पडत आले होते. विश्वास नव्हता असं नाही. त्यांचे वडील, आजोबा, सगळे चर्चच्या मंडळीतलेच. पण देवाशी त्यांचं नातं दूरच्या पाहुण्यासारखं होतं: तू तिकडे खुशाल, मी इकडे खुशाल, रविवारी भेट झाली म्हणजे पुरे.

बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता. मशीन सुरू केलं की नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, बेअरिंग गेलंय की बेल्ट सैल झालाय. घरी मात्र त्यांचे शब्द तीनच. ‘हं’, ‘बघू’ आणि ‘चहा’.

आई लग्न होऊन आली तेव्हा फार बोलकी होती म्हणे. ती एका दवाखान्यात केसपेपर काढायची, सकाळी सात ते एक. दिवसभरात शंभर माणसं बघायची, शंभर गोष्टी घेऊन घरी यायची. सांगायला बसली की बाबा अर्ध्यातच तोडगा काढून मोकळे व्हायचे. “डोकं दुखतंय” म्हटलं की “गोळी घे.” “ताई असं बोलली” म्हटलं की “मग जाऊ नकोस तिच्याकडे.” विषय संपला. एकेक करत आईने सांगणं सोडून दिलं, आणि बाबांना वाटलं, संसाराची गाडी रुळावर आली.

पुढचं सगळं मला बाबांनीच सांगितलं, माझं लग्न झाल्यावर, एका दुपारी. त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलंही होतं, पण तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि सोळाव्या वर्षी आईबाप म्हणजे घरातलं फर्निचर असतं.

झालं असं की तिसऱ्या मजल्यावरून मशीन खाली आणताना पट्टा निसटला आणि मशीन बाबांच्या गुडघ्यावर बसलं. पायाला प्लास्टर. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने जिना बघायचाही नाही. बाबांनी दोन दिवस भिंतीकडे बघत काढले आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली रिकामी करून घेतली. मोटारी, पंप, असं जे उचलून आणता येईल ते लोक घरी आणून द्यायला लागले. प्लास्टरचा पाय एका लाकडी खोक्यावर ठेवून बाबा कामाला बसले. त्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीला, बरोबर भांडी घासायच्या जागेवर, एक जाळीचा झरोका होता.

पहिल्याच आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमारास, बाबांना आईचा आवाज आला.

“दाढ आज जास्तच ठणकतेय बघ. कालपासून एकाच बाजूने चावतेय. आता कुणाला सांगू? तुलाच सांगते.”

बाबांच्या हातातला पेचकस थांबला. आईचा हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. मैत्रिणीला खिडकीतून काही सांगावं तसा मोकळा, मधेच हसणारा. “आणि तो नळ! चार महिने झाले. रात्रंदिवस टप टप. मिस्त्रीच्या घरचा नळ, आता काय बोलायचं? तूच हसत असशील.”

कोण हा ‘तू’? बाबांनी कुबडी घेतली. खोलीतून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायला त्यांना चार मिनिटं लागली आणि त्या चार मिनिटांत, त्यांच्याच शब्दांत, त्यांनी गल्लीतले सगळे पुरुष नजरेखालून घातले.

स्वयंपाकघरात आई एकटीच होती. कोपरापर्यंत फेस.

“कोण आलं होतं?”

“कोण येणार?”

“बोलत होतीस.”

“प्रार्थना करत होते.”

“अशी?”

“मग कशी करतात?” आईने ताट विसळून पालथं घातलं.

बाबांना प्रार्थना म्हणजे चर्चमधल्या पाळकसाहेबांची ठाऊक. हे सर्वसमर्थ, हे दयाघन, हे कृपेच्या सागरा, मग पाच मिनिटं श्वास न घेता. दाढ आणि नळ घेऊन कुणी देवापुढे जातं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. परपुरुष नाही म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण संध्याकाळपर्यंत ती सुटका आंबली. दाढ ठणकत होती, तर मला का नाही सांगितलं? मी काय मेलो होतो? त्यातही एक गोष्ट त्यांच्या मनाला अशी लागली की रात्रीचं जेवण गोड लागेना. बावीस वर्षं संसार केला, मला ‘अहो’ आणि ‘तुम्ही’. आणि त्याला ‘तू’!

दुसऱ्या दिवशी दोन वाजता बाबांनी स्वतःहून मोटार बंद केली. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. पावणेदोनला ते हातातलं काम खाली ठेवायचे आणि झरोक्याकडे कान करून बसायचे. त्या पंधरा-वीस मिनिटांत त्यांना आपल्या घराची जी माहिती मिळाली, ती बावीस वर्षांत मिळाली नव्हती. आईला दवाखान्याच्या जिन्याची भीती वाटायची, कारण एकदा तिला तिथे भोवळ आली होती. नव्या डॉक्टरीणबाई तिला सगळ्यांसमोर ‘ए बाई’ म्हणायच्या. मावशीने आपल्या नातवाच्या बाप्तिस्म्याला सगळ्यांना बोलावलं आणि आईला फोनही केला नाही. ऐकावं तसं बाबांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डॉक्टरीणबाईंचा नाही, मावशीचा नाही, राग यायचा तो ज्याला हे सगळं आयतं ऐकायला मिळत होतं त्याचा.

मग त्यांनी ठरवलं, बघूच कोण काय करतंय.

एके दिवशी आई दवाखान्यात गेली आणि बाबांनी कुबडीवर लटकत, एका पायावर उभं राहून, नळाचा वायसर बदलला. साधं दहा मिनिटांचं काम, त्यांना पाऊण तास लागला. दोनदा तोल गेला. पण टप टप बंद. मग ते आपल्या खोलीत जाऊन, अगदी साळसूदपणे, पंप उघडून बसले.

दोन वाजता आईने नळ सोडला, बंद केला. पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. बाबा कान टवकारून.

“प्रभू,” आई म्हणाली, “किती रे तुझे उपकार! ऐकलंस ना माझं?”

बाबांनी पक्कड भिंतीवर फेकून मारली. तिचा आवाज ऐकून आईने विचारलं, “अहो, काय पडलं?” बाबा म्हणाले, “काही नाही.”

“वायसर माझा, गुडघा माझा, घाम माझा,” हे सांगताना बाबांचा आवाज अजूनही चढला होता, “आणि उपकार त्याचे!”

दाढेचंही तेच झालं. बाबांनी रिक्षा बोलावली आणि आईला घेऊन दंतवैद्याकडे गेले. आईने विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?” बाबा म्हणाले, “चेहऱ्यावरून.” आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते रिक्षाच्या बाहेर बघायला लागले. दुसऱ्या दिवशी झरोक्यातून ऐकू आलं, “तू त्यांचं मन मऊ केलंस. मला वाटलं नव्हतं, त्या दगडाला पाझर फुटेल.” म्हणजे करून सवरून बाबा दगड, आणि पाझर फोडणारा तो.

त्याच सुमारास पाळकसाहेब आणि पाळकीणबाई आजाऱ्याची भेट म्हणून आमच्याकडे आले. आई चहा करायला आत गेली तेव्हा बाबांनी आडून आडून विषय काढला.

“साहेब, दहा आज्ञांत देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो ना?”

“म्हणवतो. म्हणजे, आपल्या माणसांवर इतकं प्रेम की वाटेकरी सहन होत नाही.”

“मग तेच माणसाला वाटलं तर?”

पाळकसाहेबांना प्रश्नाचा रोख कळला नाही. त्यांनी मूर्तिपूजेवर बोलायला सुरुवात केली आणि चांगली दहा मिनिटं बोलले. पाळकीणबाईंना मात्र कळलं असावं. त्या प्लास्टरवरच्या माझ्या पेनाच्या गिरगोट्या बघत म्हणाल्या, “देव ऐकून घेतो हो, म्हणून बायका त्याच्याकडे जातात. आमचे हे तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी आमेन म्हणतात.”

पाळकसाहेब हसले. बाबा नाही हसले.

खरा घाव बसला तो पुढच्या सोमवारी. त्या दिवशी सकाळी बाबा आईला उगाचच टाकून बोलले होते, चहा निवला म्हणून. आईने तो परत गरम करून दिला आणि काही न बोलता कामावर गेली. दुपारी भांडी घासताना तिने आधी सगळी पातेली विसळून घेतली. मग म्हणाली, “आजच्यापुरतं दे रे. सकाळी मागितलं होतं ते संपलं. त्यांच्यावर माया करायला माझ्याकडचं काही उरलेलं नाहीये. रोज तुझ्याकडूनच घेते आणि रोज त्यांना देते. आजही दे. उद्याचं उद्या मागेन.”

बाबा म्हणाले, “मला वाटलं, माझ्या छातीवर कुणी पुन्हा मशीन सोडलं.”

कारण एका गोष्टीची त्यांना खात्री होती. आपण बोलत नाही, हसत नाही, पण बायको आपल्याला धरून आहे. निवलेला चहा गरम होऊन येतो, शर्टाचं बटण न सांगता लागतं, ते आपल्याच जोरावर. आता कळलं की ती मायासुद्धा उसनी. तिचीही नाही आणि आपण मिळवलेलीही नाही. त्याच्याकडून रोज येणार, रोजच्यापुरती. वायसरचं श्रेय त्याने घेतलं, दाढेचं घेतलं. आता बायकोच्या प्रेमातही त्याचाच हात!

दुसऱ्या दिवशी दोन वाजता बाबांनी एक रिकामा ड्रम मोटारीला जोडला आणि पूर्ण वेगाने फिरवला. त्याचं बेअरिंग गेलेलं होतं. पत्र्याच्या पिंपात दगड भरून डोंगरावरून सोडावं तसा आवाज. आई भांडी घासून होईपर्यंत त्यांनी तो बंद केला नाही. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, “हे काम दुसऱ्या वेळी नाही का करता येणार?” बाबा म्हणाले, “गिऱ्हाईक थांबलंय.” गिऱ्हाईकबिऱ्हाईक कुणी नव्हतं. आठवडाभर रोज दुपारी तो ड्रम फिरला. वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा खाली येऊन गेल्या. मी शाळेतून आले की मलाही तो ऐकू यायचा. बाबा आजारपणाला कंटाळलेत, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

आणि मग ती रात्रीच्या जेवणाची वेळ आली, जी मला पक्की आठवते. वाटीत सूप होतं, ताटात पाव होता. बाबांनी पाव मोडत मला विचारलं, “गणितात किती मिळाले?”

तो ड्रम सुरू व्हायच्या आधीच मी गणितात नापास झाले होते. ते मी फक्त आईला सांगितलं होतं आणि आईने फक्त एकालाच सांगितलं होतं. मी आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे.

“तुम्हाला कुणी सांगितलं?” आईने विचारलं.

“मला कोण सांगणार? मी कोण? या घरात सांगायला दुसराच आहे ना कुणी.”

आईचा हात थांबला. तिला कळायला वेळ लागला नाही. तिने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, भिंतीच्या वरच्या भागाकडे. बाबांना तिथेच थांबता आलं असतं. पण जीभ एकदा सुटली की तिला कोण आवरणार?

“आणि आजचं मिळालं का माझ्यासाठी?” ते म्हणाले. “की आज त्याच्याकडेही शिल्लक नव्हतं?”

मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. आईचा चेहरा मात्र मी पाहिला. न्हाणीघराचं दार कुणी धाडकन उघडावं तसा तो झाला होता. ती उठली, हात धुतले आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. बाबा आणि मी सूप संपवलं. मला माझ्या गणितापेक्षा जास्त कशाची तरी लाज वाटत होती, पण कशाची ते सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता बाबांनी ड्रम लावला नाही. झरोक्यातून भांड्यांचा आवाज आला, नळाचा आला. आईचा आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. आईने सगळी कामं नेहमीसारखी केली. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त निवलेला चहा निवलेलाच राहू लागला.

“मी जिंकलो होतो,” बाबा म्हणाले. “त्याला घराबाहेर काढलं होतं. आणि मला झोप येईना.” त्यांना वाटलं, आपल्यामुळे बायकोने देव सोडला. हेवा करणाऱ्या माणसाला वाटेकरी जावा असंच वाटत असतं, पण हा वाटेकरी गेला तर उद्यापासून तिच्याकडे त्यांच्यासाठी माया येणार कुठून, याचा विचार त्यांनी केलाच नव्हता. रविवारी चर्चमध्ये ते मागच्या बाकावरून आईची मान बघत बसले होते. गीताच्या वेळी तिचे ओठ हलतायत का, तेवढंच बघत होते. ते हलत होते. त्यांना हायसं वाटलं, आणि लगेच पोटात दुखलंही.

दहाव्या दिवशी दुपारी दोनला मागच्या खोलीचं दार उघडलं. आई एक स्टूल घेऊन आत आली. भांडी तशीच टाकून आली होती. तिने स्टूल बाबांच्या समोर ठेवलं आणि बसली.

“तुम्हाला ऐकायचं होतं ना? मग समोरून ऐका. भिंतीआडून नको.”

आईने सुरुवात केली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, ‘ए बाई’, रांगेतल्या बायका कशा हसल्या. बाबा दोन मिनिटांत म्हणाले, “तू वरच्या साहेबांकडे तक्रार कर.”

“उपाय विचारला मी?”

“अगं पण...”

“उपाय मलाही कळतो. ऐका.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी हाताला चाळा म्हणून पंपाचे स्क्रू काढायला घेतले. आई बोलायची थांबली आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिली. त्यांनी पेचकस खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी आईने त्यांचंच काढलं. तिचे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हाचं. ती तीन आठवडे हॉस्पिटलात एकटी बसली होती. बाबा संध्याकाळी यायचे, दारातून बघायचे, ‘बघू’ म्हणायचे आणि जायचे.

बाबा उठायला गेले. “तेव्हा माझ्याकडे किती काम होतं ते...”

“बसा.”

ते बसले. आई रडली नाही, ओरडली नाही. सगळं सांगितलं, कुठल्या दिवशी कुठली नर्स होती इथपर्यंत. मग स्टूल उचललं आणि भांडी घासायला गेली.

“पोरी, मी पाठीवर मशीन घेऊन पाच पाच मजले चढलोय,” बाबा मला म्हणाले, “पण ती वीस मिनिटं! अंगातून घाम निघायचा. मधे बोलायचं नाही, हात हलवायचा नाही, स्वतःची बाजू मांडायची नाही. आणि ती खरं बोलत असायची, ही सगळ्यात मोठी पंचाईत.”

चौथ्या दिवशी पावणेदोनला पलीकडे ताटं गोळा झाल्याचा आवाज आला. आता ती येणार. समोर मोटार उघडी पडली होती. तिच्याकडे बघत ते आपसूक बोलून गेले, “अरे, तू कसं ऐकत आलास रे हिचं? बावीस वर्षं? रोज? माझी वीस मिनिटं निघत नाहीत. मला जमत नाहीये. मला शिकव नाहीतर तू तरी ये इथे बसायला.”

ही आपली प्रार्थना होती, हे त्यांच्या लक्षात आलं ते बऱ्याच दिवसांनी. पाळकसाहेबांसारखं त्यात काही नव्हतं, आमेनही नव्हतं. आपणही ‘तू’ म्हणालो, हे तर मी सांगेपर्यंत त्यांना कळलं नव्हतं.

“मग हेवा गेला?” मी विचारलं.

“छे! वाढला. आधी तिचं त्याला ऐकायला मिळतं म्हणून जळत होतो. आता त्याला ते जमतं म्हणून जळायला लागलो.”

पण त्या दिवशी ते वीस मिनिटं बसले. आईने मधेच थांबून विचारलं, “ऐकताय ना?” बाबा म्हणाले, “ऐकतोय.” ‘हं’ नाही म्हणाले. आईला त्या एका शब्दाचा फरक कळला असावा, कारण तिने पहिल्यांदाच स्टूल नेलं नाही, तिथेच ठेवलं.

प्लास्टर निघायच्या आदल्या आठवड्यात बाबांनी धीर करून विचारलं, “त्याच्याशी बोलणं सोडलंस तू. माझ्यामुळे.”

“कुणी सांगितलं?”

“ऐकू येत नाही.”

“तुम्हाला ऐकू येत नाही,” आई म्हणाली. “तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणूनच आवाज बंद केला. मोकळं बोलायची माझी तेवढी एकच जागा होती. तीही तुम्ही चोरलीत.”

बाबांनी मान खाली घातली. त्यांनी तिची माफी मागितली की नाही ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांनी पुढचा प्रश्न मात्र विचारला.

“अजून मागावं लागतं? माझ्यासाठी?”

“रोज.”

“म्हणजे तुझं स्वतःचं असं...”

“स्वतःचं लग्नानंतर दोन-तीन वर्षं पुरलं,” आई म्हणाली. “मग मागायला लागले. तुम्हाला काय वाटलं, घरात सून म्हणून आलेल्या बाईला मायेची विहीर असते? आणि तुम्ही नाही मागत माझ्यासाठी?”

“नाही.”

“न मागता मिळतं?”

बाबांनी समोरचा पेचकस उचलला आणि परत ठेवला.

“मग एक तर तुम्ही फार नशीबवान आहात,” आई उठत म्हणाली, “नाहीतर तुम्ही माया करतच नसाल. दोन्हींतलं काय ते तुमचं तुम्ही बघा.”

ती दारापर्यंत गेल्यावर बाबांनी तिला हाक मारून विचारलं, “आणि मला कधी ‘तू’ म्हणावंसं वाटत नाही का?”

आई वळली. गेल्या महिनाभरात पहिल्यांदा हसली. “जिभेला वळण नाही हो तसं. आणि तुम्हाला ‘तू’ म्हटलं तर सासूबाई कबरीतून उठून येतील.”

गुडघा बरा झाला. बाबा पुन्हा पिशवी खांद्याला लावून घरोघर जायला लागले. पण दुपारी दोनला घरी परत यायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. गिऱ्हाईकं कुरकुरली. “जेवायला एवढं काय घरी जायचं?” म्हणाली. बाबांनी कारण कुणाला सांगितलं नाही. हे सगळं सरळ झालं असं मात्र समजू नका. पुढल्या वर्षी एका मोठ्या लॉजच्या सगळ्या मशीन्सचं काम आलं आणि दोन महिने ते दुपारी फिरकलेच नाहीत. संध्याकाळी ‘हं’ परत आलं. एका रविवारी चर्चमधून घरी येताना आई म्हणाली, “अहो, स्टुलावर धूळ बसलीय.” सोमवारी बाबा हजर. असं कितीदा तरी झालं. पडायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. एखादा माणूस देवावरच्या विश्वासात जसा धडपडत चालतो, तसंच त्यांचं घरातलं चालणं होतं, किंवा दोन्ही एकच होतं.

खरं सांगायचं तर त्या काळात जळायची पाळी माझी होती. दुपारी मी घरात आले की मागच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून आईचा आवाज यायचा. आईच्या गोष्टी आजवर माझ्या वाट्याच्या होत्या, किंवा तसं मी धरून चालले होते. एकदा मी दाराला कान लावला आणि लगेच काढून घेतला. त्या घरात असं ऐकण्याचं काय होतं ते मी पाहिलं होतं.

बाबांनी मागचा बाक सोडला नाही. पाळकसाहेबांना कुठून तरी या सगळ्याचा वास लागला आणि त्यांनी बाबांना देवाने काय केलं याची मंडळीपुढे साक्ष द्यायला सांगितलं. बाबा म्हणाले, “माझी साक्ष म्हणजे, नळ दुरुस्त केला आणि राग आला. एवढ्यासाठी लोकांपुढे उभं कशाला राहायचं?” पण पाळकीणबाईंनी त्यांना दुसरंच काम लावलं. मंडळीत एक म्हातारे शिंपी होते, त्यांची बायको गेली होती आणि ते येईल त्याला तीच ती गोष्ट सांगत. लोक टाळायला लागले होते. बाबा दर शनिवारी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. परत आले की म्हणायचे, “पहिली दहा मिनिटं जड जातात. मग काही नाही.”

आता दोघांनी साठी ओलांडलीय. बाबांचा हेवा गेलेला नाही. भांडी घासताना आई डोळे मिटून गप्प उभी राहिली की ते अजून दारात येऊन उगाच विचारतात, “काही पडलं का?” आणि सकाळी उठल्या उठल्या पलंगाच्या कडेला बसून ते स्वतःही मागतात. आवाज न करता, पण मी एकदा माहेरी गेले असताना ओठांवरून वाचलं. चार शब्दांचं होतं, गिऱ्हाइकाच्या मशीनची तक्रार वहीत लिहावी तसं: “गुडघा. पोरगी. ती. आजचं.”

गेल्या महिन्यात मी दुपारची तिथेच होते. दोन वाजले. आई आली, बसली, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“आज काही नाही?” बाबांनी विचारलं.

“नाही. आज सगळं बरं आहे.”

मला वाटलं, बाबा आता उठतील, पिशवी घेतील. समोर एक पंप उघडा होता. ते उठले नाहीत आणि पंपालाही हात लावला नाही. आईने जवळची परात ओढून त्यात मटार सोलायला घेतले. बाबा समोर बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, वीस मिनिटं.